हिरासिंगचं पासिंग

१२ जानेवारी, सोमवार

प्रारंभीच एक तक्रार नोंदवून ठेवतो. ही डायरी मला दारव्ह्याच्या एका कृषी केंद्राने सप्रेम भेट दिली आहे आणि तिच्यात शनिवार-रविवारला मिळून एकच पान आहे. सोमवार ते शुक्रवार माणूस पूर्ण जगतो आणि उरलेले दोन दिवस अर्धा-अर्धा, असा त्या केंद्राचा सिद्धांत दिसतो. शिवाय प्रत्येक पानाच्या तळाशी एकेक कीड छापली आहे, लक्षणे आणि फवारणीसह. आज मावा आहे. संस्कृत घेऊन एम.ए. झालेला, तीस वर्षे तालुका वार्ताहर असलेला मी, नीळकंठ अलोणी, माझे अंतरंग माव्याच्या डोक्यावर लिहितो आहे. मालकांकडे लेखी निषेध पाठवण्याचा विचार आहे.

दुसरी बातमी अशी की हिरासिंगच्या ऑपरेशनची तारीख ठरली. शनिवार, एकतीस. अर्ध्या पानाचा दिवस.

हिरासिंग राठोड, वय छप्पन्न, राहणार दारव्ह्याजवळचा बंजारा तांडा. पंचवीस वर्षे त्याची काळी-पिवळी जीप आणि माझी वार्ताहरकी एकत्र चालली. या जिल्ह्यात बातमी नेमकी तिथेच घडते जिथे एसटी जात नाही, आणि तिथे मला त्यानेच नेले. डावा हात स्टिअरिंगवर, उजवे कोपर खिडकीत, राजा हत्तीवरून निघावा तशा ऐटीत. जीप आता मुलगा बबलू चालवतो, पण ती ऐट बबलूला साधलेली नाही.

पोळ्याच्या सुमारास हिरासिंगची भाकर छातीत अडकू लागली. दिवाळीत निदान झाले. बिडी आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा या दोघांनी मिळून अन्ननलिकेत गाठ केली. औषधे झाली, किरणे झाली, आता गाठीसकट नलिका काढायची. यवतमाळला नागपूरचे एक सर्जन दर शनिवारी येतात, ते करतील. छाती फाडायची नाही, बरगड्यांच्या मधून चार बारीक छिद्रे आणि दुर्बीण. आणि हे सर्व करायचे पेशंटला पालथे निजवून.

पालथे म्हणजे पोटावरच ना, असे मी दोनदा विचारले. शस्त्रक्रियेला माणूस उत्तानच असतो अशी माझी ठाम समजूत होती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवले. पालथे निजवले की फुफ्फुस आणि हृदय आपल्याच वजनाने पुढे लोंबतात, आणि मागे कण्याला लगटून असलेली अन्ननलिका मोकळी दिसते. कुशीवर निजवले तर उजवे फुफ्फुस बंद करून दाबून बाजूला धरावे लागते. हिरासिंगच्या फुफ्फुसांत बिडीची पस्तीस वर्षे आहेत. एकावर भागवण्याइतकी ती धड नाहीत. म्हणून पालथे.

परतताना हिरासिंग एवढेच म्हणाला की आयुष्यभर माय ओरडत होती, पालथा झोपू नको म्हणून. आता डॉक्टर पैसे घेऊन झोपवतो.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तांड्यावर गेलो. तिळगूळ कोमट दुधात विरघळवून हिरासिंगला पाजला. गोड बोल म्हटले तर म्हणाला, बोलतो, पण आधी गिळू द्या.

त्याला हॉस्पिटलने प्लास्टिकचे एक यंत्र दिले आहे. नळीतून श्वास ओढायचा, की तीन गोळ्या वर उचलल्या जातात. फुफ्फुसाची तालीम. दोन गोळ्या उचलतात, तिसरी जागची हलत नाही. तिला त्याने आमच्या तहसीलदारांचे नाव ठेवले आहे.

सुखीबाई, त्याची बायको, काळजी करताना जास्त काम करते. फळीवरचा डबा काढायला ती चुलीपासून उठून आली. हिरासिंग फळीखालीच बसला होता. मी म्हटले, काय राजेसाहेब, हात वर करायलाही सेवक लागतो का? तो हसला. सुखीबाईने माझ्याकडे पाहिले आणि डबा खाली ठेवला.

मग तिने मला पालथे निजवण्याचे सगळे पुन्हा विचारले. मी सांगितले. ती म्हणाली, नातू पहिल्यांदा पालथा पडला तेव्हा मी तांडाभर गूळ वाटला होता. "आता ह्या म्हाताऱ्याच्या वख्ताले काय वाटू?"

१९ जानेवारी, सोमवार

यवतमाळ. आज भुलीसाठी फिटनेसची तपासणी. रक्त, छातीचा फोटो, हृदयाचा आलेख, जिन्याचे दोन मजले चढणे-उतरणे. हिरासिंग चढला, पण वर पोचल्यावर पाच मिनिटे कोणाशी बोलला नाही, आणि हा त्याचा स्वभाव नव्हे.

मग फॉर्म. तो माझ्याकडे आला, कारण लिहिण्याचे काम निघाले की या जोडीत ते माझे. पूर्वीचे आजार, पूर्वीची ऑपरेशने, पूर्वीचा अपघात अथवा दुखापत. तिथे शिकाऊ डॉक्टरने विचारले, कधी अपघात वगैरे? हिरासिंगने माझ्याकडे पाहिले. प्रश्न कळला नसावा असे समजून मी त्याच्या वतीने सांगितले, नाही, आणि तसेच लिहिले.

दोन्ही हात वर करून दाखवा, म्हणाला. हिरासिंगने हात जोडले आणि जय सेवालाल म्हणत, मान लववून, ते कपाळाला लावले. डाव्याने उजव्याला नेले म्हणजे. शिकाऊ डॉक्टर हसला आणि बरोबरची खूण केली. रांगेत अजून चौदा जण होते.

२० जानेवारी, मंगळवार

काल येताना जीपमध्ये हिरासिंग खुशीत होता, ते लिहायचे राहिले. म्हणाला, मी एकवीस वेळा गाडी पासिंगला नेली, एकदाही परत आली नाही. गुळगुळीत टायर असले तर भाच्याकडून टायर मागून आणून लावायचे, हेडलाइट दुसऱ्याचा, हॉर्न तिसऱ्याचा. शिक्का बसला की संध्याकाळी ज्याचे त्याला परत. साहेबाला गाडी पास करायचीच असते, आपण फक्त त्याला नाही म्हणायचे कारण द्यायचे नाही.

"आता मीच गाडी झालो, पंडितजी. झालं पासिंग."

बबलू हसला. मीही हसलो. आजच्या पानावर तुडतुडे आहेत.

२५ जानेवारी, रविवार

जागा थोडी, म्हणून थोडक्यात. दुपारी जेवणानंतर दिवाणावर पालथा निजून पाहिले, डॉक्टरांच्या चित्राप्रमाणे. छातीखाली एक लोड, कमरेखाली एक, पोट मोकळे, कपाळ गुंडाळलेल्या टॉवेलवर. हात कोपरात वाकवून पुढे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना, वर. माझी बायको शोभा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अहो, बातम्या झोपेत लिहिता हे ठाऊक होतं. आता पोहतही लिहिणार का?"

सात मिनिटांनी माझे खांदे भरून आले. तेव्हा एकदम लक्षात आले, की हिरासिंगचा उजवा हात इथे येतच नाही.

खांद्याच्या रेषेच्या वर तो अकरा वर्षे गेलेला नाही. हे मला माहीत आहे. सर्वांत जास्त मलाच माहीत आहे.

२६ जानेवारी, सोमवार

ध्वजारोहणाच्या तीन बातम्या. तिन्हींत उत्साह संचारला होता.

२८ जानेवारी, बुधवार

दोन दिवस स्वतःशी वाद घातला. पूर्वपक्ष: डॉक्टर हुशार आहेत, टेबलावर त्यांना कळेलच. उत्तरपक्ष: कळेल तेव्हा हिरासिंग बेशुद्ध असेल आणि हात कोणीतरी जोराने वर नेलेला असेल. पूर्वपक्ष: आता सांगितले तर फिटनेस रद्द होईल, तारीख जाईल, गाठ थांबणार नाही. उत्तरपक्ष सुचला नाही, म्हणून मी चहा मागवला.

शोभाने चहा दिला आणि समोर बसली. काहून असे करून राहिलात, म्हणाली. मग मी तिला कपाटातली जुनी फाइल काढायला लावली. कात्रण पिवळे पडले आहे. माझीच एक कॉलमी बातमी: आर्णी रस्त्यावर जीप उलटली, सुदैवाने कोणीही जखमी नाही.

त्या दुपारी जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीला आग लागली होती. दुसऱ्या पेपरचा वार्ताहर आधीच तिथे पोचला होता. हिरासिंगच्या जीपमध्ये बाजाराची माणसे होती. मी ती फाट्यावर उतरवायला लावली आणि म्हणालो, हाण. एवढा एकच शब्द. वळणावर जीप शेतात गेली. मला ओरखडा नाही. त्याचा खांदा निखळला.

दवाखान्यात नेले असते तर पोलिसांचे कागद झाले असते. प्रवासी उतरवून जीप कोणासाठी पळवली, हा प्रश्न आला असता आणि माझ्या संपादकांपर्यंत गेला असता. हिरासिंगच म्हणाला, हाड बसवणाऱ्याकडे जातो. मी चल म्हणालो. हाड बसवणाऱ्याने जसे बसवले तसे ते बसले. आणि मी संध्याकाळी बातमी दिली. खिडकीतले कोपर तेव्हापासूनचे आहे. ती ऐट नव्हे.

ही माहिती मी अकरा वर्षांत प्रथमच लिहितो आहे, आणि तीही पांढऱ्या माशीच्या पानावर.

शोभाने कात्रण वाचले, घडी घातली. मी काही विचारण्याआधी म्हणाली, "परवा तुम्ही जाणारच आहात ना यवतमाळला. मग बोला." आणि कप घेऊन गेली.

३० जानेवारी, शुक्रवार

सांगितले. जसे झाले तसे लिहितो.

सकाळी हिरासिंगला भरती केले. दुपारी भुलीच्या डॉक्टर आल्या, डॉक्टर भैरवी. माझ्या मुलीच्या वयाच्या. खुर्ची ओढून बसल्या, हिरासिंगला काका म्हणाल्या, आणि उद्या सात-आठ तास तुम्ही माझ्या ताब्यात, असे सांगून एकेक समजावले. कपाळाखाली गादीची चकती, डोळ्यांवर भार नाही, नाकावर नाही, छाती आणि कमरेखाली लोड, गुडघ्यांखाली मऊ, आणि पुरुषांचे जे असते तेही दाबले जात नाही ना, हे मी स्वतः बघते. सुखीबाईने पदर तोंडाला लावला. हिरासिंग म्हणाला, एवढी निगा लग्नातही झाली नव्हती.

छातीचे काम झाले की उताणे करून पोटाचे आणि मानेचे, हेही सांगितले. मग म्हणाल्या, आता इथे पलंगावरच पालथे होऊन दाखवा. जागेपणी.

"बेशुद्ध माणूस दुखतंय म्हणत नाही, काका. म्हणून मी आदल्या दिवशीच विचारून घेते."

तो पालथा झाला. डावा हात पुढे गेला. उजव्याच्या मनगटाला धरायला डावा परत मागे आला, तसाच, जय सेवालालच्या बेताने. त्याचे तोंड उशीत होते. मी पलंगाजवळ गेलो.

"डॉक्टर, तो हात वर जात नाही. अकरा वर्षांपूर्वी निखळला होता. फॉर्मवर नाही असं मी लिहिलं."

मग उशीतून हिरासिंग म्हणाला, "झालं. पासिंग रद्द."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपे गेले असते. त्यांनी बोटांना मुंग्या येतात का विचारले, हात हळूहळू वर नेत कुठे अडतो ते पाहिले, किती अंशावर ते लिहिले. हा हात भुलीखाली ओढला गेला तर बगलेतली नस ताणली जाते, म्हणाल्या, आणि कधी कधी शुद्धीवर आल्यावरही हात लुळाच राहतो. मग हात पलंगाच्या पातळीखाली, वेगळ्या फळीवर, कोपरात वाकवून ठेवून पाहिला. असे बरे वाटते का? वाटते, म्हणाला.

ऑपरेशन रद्द नाही. पण अडचण आहे. हात खाली राहिला की खांद्याचे हाड जागा अडवते आणि दुर्बिणीच्या छिद्रांना वाव कमी पडतो. सर्जन टेबलावर बघून ठरवतील. जमले तर पालथे. नाही जमले तर डाव्या कुशीवर, उजवे फुफ्फुस बंद करून. आणि तो भार त्याला किती पेलेल हे त्या आज सांगू शकत नाहीत.

त्यांनी कोरा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. पुन्हा भरा, म्हणाल्या. मी भरला. अपघात: होय. वर्ष लिहिले. जागा लिहिली. वाहन कोणासाठी जात होते, हे त्यांनी विचारले नव्हते. मी तेही लिहिले. त्यांनी वाचले आणि सही केली.

त्या गेल्यावर मी हिरासिंगला विचारले, तू तरी का नाही सांगितलेस? मला वाटले पासिंगचे काहीतरी सांगेल. तो शर्टाची बटणे लावत होता, डाव्या हाताने.

"तुमी नाई म्हनलं. मंग मी कसं हाव म्हनू?"

मग म्हणाला, पेपरातही तुम्हीच लिहिले होते, कोणी जखमी नाही. मला वाटले, पंडितजीने लिहिले तर तसेच ठरले.

१९ तारखेला त्याने माझ्याकडे पाहिले होते. त्याला प्रश्न कळला होता.

३१ जानेवारी, शनिवार

साडेसातला नेले. दारापर्यंत मी सोबत होतो. स्ट्रेचरवर उताणाच होता. डॉक्टरीणबाई पोटावर कधी झोपवतात ते बघायला आपण जागे नसणार, याची त्याला हळहळ वाटत होती. मला म्हणाला, बबलूला सांगा, जीपचे डावीकडले मागचे टायर गेले आहे, उसने लावून फिरून राह्यला. खरे टायर घे म्हणा.

सुखीबाईने पदराच्या गाठीत गुळाचा खडा बांधून आणला आहे. बाकावर बसून ती गाठ सोडते आणि पुन्हा बांधते. मी तिला काल रात्रीच सर्व सांगायला गेलो होतो, तर म्हणाली, "भाऊ, मले तं तवाच माहीत होतं. खांद्याले तेल मीच लावत होती." अकरा वर्षे त्या बाईने मला चहा दिला.

पावणेबाराला सिस्टर बाहेर आली. पालथेच ठेवले आहे, हात खाली फळीवर आहे, जमते आहे, एवढे सांगून गेली. दीडला पुन्हा आली: छातीचे झाले, आता उताणे केले. सुखीबाईने गाठ सोडली, पण गूळ वाटला नाही. सगळे होऊ द्या, म्हणाली. चारला सर्जन आले. गाठ निघाली. कडेला काही राहिले नाही असे दिसते, पण तपासणीचा अहवाल यायचा आहे. फुफ्फुसे थकली आहेत. आज रात्र आणि उद्याचा दिवस यंत्रावर. त्यानंतर बघू, हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.

सहाला एकाला आत सोडले. सुखीबाई म्हणाली तुम्ही जा, मी रडन.

कपाळावर चकतीचा गोल वळ उमटला होता. तोंडात नळी. डॉक्टर भैरवींनी हाक मारली, काका, डावा हात दाबा. दाबला, मी पाहिले. उजवा दाबा. त्यांनी माझी दोन बोटे त्याच्या उजव्या पंजात ठेवली होती. मी वाट पाहिली. एकदा वाटले दाबली. मग वाटले की मीच दाबली.

त्यांनी विचारले, जाणवलं का?

तीस वर्षांत मी असल्या जागी ‘सुदैवाने’ हा शब्द लिहीत आलो आहे. म्हणालो, नाही. मला जाणवलं नाही.

त्यांनी तसे लिहून घेतले. भुलीचा अंमल अजून आहे, सकाळी पुन्हा बघू, एवढ्यावरून काही ठरत नाही, म्हणाल्या. बाहेर येऊन मी सुखीबाईला तेच शब्द सांगितले, त्यात काही मिसळले नाही. तिने ऐकले. मग खड्याचा कोपरा दाताने तोडून माझ्या हातावर ठेवला. "उताना झाला नं, भाऊ. तेवढ्याचा घ्या."

शनिवारची जागा केव्हाच संपली. उद्याच्या अर्ध्या भागात लिहितो आहे. उद्या लिहायला जागा उरणार नाही. तळाशी बोंडअळी आहे, तिच्याबद्दल आज माझी काही तक्रार नाही.

हाताची काळजी मी सहा दिवस केली, कारण हाताचे काहीतरी करता येत होते. हात लुळा राहिला तरी तो मला काही बोलणार नाही, हे मला ठाऊक आहे. मला भीती हाताची नाही. हिरासिंग मरेल अशी मला भीती वाटते.